दोन ब्रेकची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. गोल नाक, फुगरे गाल आणि बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन दिवे, असा माझा चेहरा. माझ्या वयाच्या बहुतेक गाड्या कधीच भंगारात गेल्या. त्यांचा पत्रा वितळून आता कुणाच्या खिडकीचे गज झाले असतील, तर कुणाच्या घरची बादली. मी मात्र देवाच्या दयेने अजून रस्त्यावर आहे. आणि सहसा इतर गाड्यांकडे नसते अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे. मला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. कारण मी शाळेची गाडी आहे. मुलांची ने-आण करणारी नव्हे हं! मोठ्या माणसांना गाडी चालवायला शिकवणारी.

कारखान्यातून निघाले तेव्हा मलाही एकच ब्रेक होता. ज्यांनी मला विकत घेतले त्यांनी वर्षभरात गाडी शिकवण्याची शाळा काढली आणि धाकट्या मुलाकडून माझ्या पोटाखालून एक लोखंडी दांडा नेऊन दुसरे पेडल बसवून घेतले. तो मुलगा तेव्हा नुकताच वेल्डिंग शिकला होता. हाताला चटका बसला, पण काम असे केले की आजतागायत कुरकुर नाही.

माझी पहिली विद्यार्थिनी म्हणजे त्या घरातली थोरली सून. ती स्टिअरिंगला हात लावायलाही तयार नव्हती. तेव्हा सासरे तिला म्हणाले, "सूनबाई, गाडीला कशाला घाबरतेस? गाडीच तुला घाबरतेय. बघ, तू बसल्यापासून कशी थरथरतेय!" ती हसली, आणि हसता हसता पहिला गिअर पडला. पुढे सासरे थकले आणि तीच शिकवायला लागली. आज सगळे तिला 'बाई' म्हणतात. पेडल बसवणारा तो धाकटा दीर आता पिकल्या मिशांचा मेकॅनिक झाला आहे. बाई त्याला भावजी म्हणतात.

बाईंचा एक नेम आहे. सकाळी ओल्या फडक्याने माझे तोंड पुसायचे, तेल-पाणी बघायचे, मग माझ्या बॉनेटवर हात टेकवून क्षणभर डोळे मिटायचे. "आज कुणाला लागू नये, आपल्यामुळे कुणी दुखावू नये," एवढेच त्या पुटपुटतात. ऊन असो, अंगात कणकण असो, हा नेम चुकलेला मी पाहिला नाही.

रस्त्यावर माझा थाट काय वर्णावा! सिग्नलला उभी राहिले की शेजारच्या गाडीची काच खाली येते. "अरे, ही अजून चालते?" कुणी म्हणते. "चालते म्हणजे? मी हिच्यावरच शिकलो!" मागच्या सीटवरच्या मुलांचा तर खेळच ठरलेला असतो. जुनी गाडी आधी ज्याला दिसेल त्याने दुसऱ्याला चिमटा काढायचा. माझ्यामुळे किती चिमटे बसले असतील, त्याची मला क्षमा असावी. कधी समोरून दुधाची जुनी व्हॅन येते, कधी लाकडी फाळक्यांचा म्हातारा ट्रक. त्यांचे चालक आणि बाई एकमेकांना दिवे लुकलुकवून दाखवतात. आमच्यासारख्यांचा तो रामराम.

टपाल कार्यालयाच्या कोपऱ्यावर एक काका कॅमेरा घेऊन उभे असतात. जुन्या गाड्या टिपायच्या, हा त्यांचा छंद. मी वळणावर आले की ते चहा खाली ठेवून धावतात. जुन्या गाड्यांच्या संघाचे ते सभासद, आणि संघाच्या गोदामात काय काय आहे हे त्यांना तोंडपाठ.

मग एके दिवशी एका खडीच्या ट्रकमागून जाताना एक खडा उडाला आणि माझ्या समोरच्या काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. मित्रांनो, माझी काच बाकदार आहे. तशी काच आता कुठे बनत नाही. आणि तपासणीवाल्यांनी स्पष्टच सांगितले, की महिनाअखेरपर्यंत काच बदलली नाही तर शिकवण्याचा परवाना रद्द.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. परवाना गेला तर शाळा गेली. आणि नेमकी तेव्हा एक नर्स शिकायला येत होती. शहराबाहेरच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेल्या लोकांना ती मलमपट्टी करायला जायची. संध्याकाळी बस बंद, म्हणून किती जणांना नाही म्हणावे लागायचे. दवाखाना तिला छोटी गाडी द्यायला तयार होता; फक्त तिने परीक्षा पास व्हायची होती. पण ती भित्री! समोर कोंबडी आली तरी दोन्ही पाय वर घ्यायची, डोळे मिटायची आणि ओरडायची, "बाई, धरा!" मग बाई आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या.

काचेची गोष्ट कॅमेरावाल्या काकांच्या कानावर गेली. ते दुसऱ्याच दिवशी हजर.

"अहो, आमच्या गोदामात हिच्याच मापाची एक काच आहे! फुकट देतो. फक्त गाडी संघात यायला हवी."

"येईल की," भावजी म्हणाले.

"पण संघाचा नियम आहे. गाडी मूळ रूपात हवी, आणि तशीच राहायला हवी. तो शेजारचा ब्रेक काढावा लागेल."

काका गेल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, कशाला तोंड पाडून बसता? काढतो. रविवारची संघाची मिरवणूक झाली की गुपचूप परत बसवतो. कोण गाडीखाली वाकून बघतंय?"

दुसरा रस्ता दिसेना. बाईंनी मान हलवली. पेडल निघाले, दांडा निघाला, आणि मला कसे हलके हलके, उगाच उघडे वाटायला लागले. नवी काच बसली. रविवारी जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत मी चकचकीत होऊन चालले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे, टाळ्या, फोटो. खोटे कशाला बोलू, मला फार आवडले.

संध्याकाळी भावजी पाना घेऊन आले. "चला, बसवून टाकतो."

"थांबा, भावजी," बाई म्हणाल्या. "शब्द दिलाय आपण. मोडायचाच तर आधी काकांना तोंडावर सांगू, मग बसवू. लपवून नको."

"तुमचं म्हणजे ना!" भावजी पाना खिशात घालून गेले.

आणि इथेच घोटाळा झाला. सोमवारी सकाळी नर्स दारात उभी. परीक्षा त्याच आठवड्यात. बाईंनी माझे तोंड पुसले, तेल बघितले, बॉनेटवर हात टेकवला आणि सवयीने शेजारी येऊन बसल्या. पेडल नाही हे त्यांच्या लक्षातच आले नाही. इतक्या वर्षांची सवय ती. तुम्ही कधी जिना चढताना पायरीकडे बघता का? मला मात्र कळत होते. पण मला ओरडता कुठे येते? हॉर्न आहे, तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

बाजाराच्या उतारावर आम्ही हळूहळू निघालो होतो. तेवढ्यात एक गादीवाला डोक्यावर भलीमोठी गादी घेऊन रस्त्यात उतरला. गादी दोन्हीकडून लोंबत होती, त्याला बिचाऱ्याला आपल्या पायापलीकडे काही दिसत नव्हते.

"बाई, धरा!" नर्सने पाय वर घेतले, डोळे मिटले.

बाईंचा पाय गेला. खाली नुसती चटई. पुन्हा गेला. पुन्हा चटई. हँडब्रेक चालवणाऱ्याच्या पलीकडे, दाराच्या बाजूला. तिथे त्यांचा हात पोचेना. मी उतारावरून घरंगळत होते आणि गादी जवळ येत होती.

बाई ओरडल्या नाहीत. रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, इंजेक्शन देताना डोळे मिटता का?"

"नाही!"

"मग उघडा. उजवा पाय, मधलं पेडल. दाबा."

तिने डोळे उघडले. पाय खाली आला. आणि मित्रांनो, मी थांबले! माझे नाक गादीला टेकले, पण एवढे अलगद की गादीवाल्याला वाटले कुणी हाक मारतेय. त्याने वळून बघितले आणि म्हणाला, "काय हो, एवढी झोप आलीय का? दुकानात या की!"

नर्स हसायला लागली. मग तिने शेजारी बघितले. बाई पांढऱ्याफटक.

"ब्रेक मी नाही लावला," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे तो नाहीच. मी विसरले. देवा रे, मी विसरले."

"आता तुम्ही गप्प बसा," नर्स म्हणाली. भीती गेली होती. हे तिचे रोजचे काम होते. "हात इकडे द्या. नाडी बघू. मोठा श्वास घ्या."

कोपऱ्यावरून काका धावत आले. नवी काच उन्हात कशी दिसते ते टिपायला ते थांबले होते, पण कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता. बाई खाली उतरल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काका, तुमची काच परत न्या. आज संध्याकाळी मी ब्रेक बसवून घेणार आहे."

"अहो, पण काच नसली तर परवाना नाही. शाळा बंद पडेल!"

"पडू दे. ब्रेकशिवाय मी कुणाला शिकवणार नाही, आणि तुम्हाला फसवून काच ठेवणार नाही. दोन्ही होत नाही माझ्याच्यानं."

काकांनी माझ्या दारातून वाकून शेजारच्या सीटपुढची नुसती चटई बघितली. आजवर त्यांनी माझे कितीतरी फोटो काढले असतील, पण माझ्या आत काय चालते ते बहुधा त्यांनी त्या दिवशी पाहिले. मग ते म्हणाले, "ब्रेक बसवा. काच राहू दे. बुधवारी गाडी घेऊन मैदानावर या. सिस्टर, तुम्हीही या."

बुधवारी मोकळ्या मैदानावर संघाचे सगळे जमले. अध्यक्ष म्हणाले, "नियम तो नियम. मूळ रूप म्हणजे मूळ रूप."

"बरोबर," काका म्हणाले. "तुम्ही फक्त एक फेरी मारा. बाईंच्या जागेवर बसा. सिस्टर चालवतील."

नर्स चालवायला बसली, अध्यक्ष शेजारी, बाई मागे. पहिले वळण आले. नर्सने नीट घेतले, पण अध्यक्षांनी आपल्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. दुसऱ्या वळणावरही दाबला. तिसऱ्या वेळी तर वळणच नव्हते! नर्स म्हणाली, "साहेब, तुम्ही डोळे मिटू नका हो, मला भीती वाटते." मागे बाईंनी पदर तोंडाला लावला.

अध्यक्ष उतरले, कपाळ पुसले. काका म्हणाले, "आता सांगा. काढायचा का हा ब्रेक?"

"गप्प बस रे," अध्यक्ष म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. त्यानंतर संघाने मिरवणुकीत एक वेगळी रांग केली, कामावर असलेल्या गाड्यांची; तिला मूळ रूपाची अट नाही. दुधाची व्हॅन तिच्या कॅनसकट त्यात येते, लाकडी फाळक्यांचा ट्रकही. काच माझ्याकडेच राहिली. पण मला काचेहून जास्त आनंद सोमवारी संध्याकाळी पेडल परत आले त्याचा झाला होता. तेव्हा दांडा जोडताना भावजी म्हणाले होते, "वहिनी, तुमच्या खरेपणानं आज कुणाचा तरी जीव जाणार होता." बाई म्हणाल्या, "खरेपणानं नाही, विसरण्यानं. आता रोज आधी खाली वाकून बघत जाईन." आणि तेही त्यांच्या सकाळच्या नेमात बसले.

मित्रांनो, रस्त्यात आमच्यासारखी एखादी जुनी गाडी दिसली तर जरूर थांबून बघा. हात करा, चिमटेही काढा. पण तिला नुसती चकचकीत करून कोपऱ्यात उभी करू नका. ती कुणाच्या उपयोगी पडते ते विचारा, आणि तिच्या अंगावर एखादा जोडलेला, डागडुजी केलेला भाग दिसला तर तो दोष समजू नका. तो कुणाच्या तरी काळजीने तिथे आलेला असतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नर्सची शेवटची शिकवणी होती. आम्ही पुन्हा बाजाराच्या उतारावर आलो. समोर भाजीची हातगाडी आडवी झाली. नर्सने मला सावकाश थांबवले, हातगाडी जाऊ दिली, पुन्हा पहिला गिअर टाकला. मग "बरोबर केलं ना, बाई?" म्हणून शेजारी बघितले.

बाई सीटवर मांडी घालून बसल्या होत्या आणि खिडकीतून बाहेर बघत होत्या.