उसनी गवाही

स्नेहल साळवेच्या आयुष्यात आजवर काहीच वाईट घडलं नव्हतं, आणि हीच तिची खरी अडचण होती. बाप रेल्वेत, आई शाळेत, घर रायपुरातल्या गुढियारीत, आणि आजोबांपासून सगळे चर्चमध्ये. रविवारची उपासना तिनं कधी चुकवली नाही, परीक्षेत कधी शेजारच्या पेपरात डोकावली नाही, दारूचा तर वासही तिला सहन होत नसे. आता अशा गुणी पोट्टीनं गवाहीत सांगावं तरी काय?

गवाही म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. विद्यापीठातल्या पोरापोरींची फेलोशिप, म्हणजे प्रार्थनेची बैठक, दर शनिवारी दुपारी समता कॉलोनीत, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये भरायची, आणि तिथं गवाहीचा साचा ठरलेला होता. पूर्णवेळ हेच काम करणारे सुशील भैया तो प्रत्येकाला शिकवायचे: पहिले मी कसा होतो, मग येशू कसा भेटला, आता मी कसा आहे. मिनिटं तीन. भैया घड्याळ समोर ठेवून बसायचे आणि अडीच मिनिटं झाली की टेबलावर पेन वाजवायचे.

बाकीच्यांचं बरं होतं. निरंजन पंडरीच्या बाजारात रोज मारामाऱ्या करायचा; त्याची गवाही पोरांनी श्वास रोखून ऐकली. दुसऱ्या एकानं तर सुरुवातच गांजापासून केली. त्याला टाळ्या अशा पडल्या की खालून डॉक्टरसाहेब वर बघायला आले. आणि त्यांच्यानंतर स्नेहलनं उठून काय सांगायचं, सहावीत असताना आईच्या लोणच्याची फोड न विचारता खाल्ली म्हणून?

"भैया, माझं 'पहिले'च नाही आहे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"असते ना, सगळ्यांचं असते. प्रार्थना कर, आठवून पाह," भैया म्हणाले. "आणि या शनिवारी फर्स्ट इयरचे नवीन पोरं येऊन राहिले. तुझाच नंबर लावला मी."

तिनं प्रार्थना केली. चार दिवस काही आठवलं नाही. शुक्रवारी आठवली ती गंधालीची गोष्ट.

गंधाली म्हणजे तिची कॉलेजातली जिवाभावाची मैत्रीण. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं, घरी दहा दिवसांचा गणपती. स्नेहल दोन वर्षं तिच्यासाठी रोज प्रार्थना करत होती आणि दर शनिवारी तिला फेलोशिपला बोलवत होती. ती दर शनिवारी हसून टाळायची. "मी घरीच देवाचं नाव घेते, तू तिथले गरम आलूगुंडे मले खायले पाठवून दे," असं तिचं उत्तर. तर ही गंधाली बारावीत फिजिक्समध्ये नापास झाल्यावर चिठ्ठी ठेवून घरातून निघून गेली होती. थेट गोंदिया. एक दिवस, एक रात्र फलाटावर काढून परत आली. घरच्यांशिवाय हे एकट्या स्नेहललाच माहीत होतं, तेही तिला शपथ घालून सांगितलेलं.

नाव तर घ्यायचं नाही. 'ती'च्या जागी फक्त 'मी' लावायचं. देवाचंच काम आहे, आणि गंधालीला कळणार कुठून? स्नेहलनं मनाची अशी समजूत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिची गवाही तीन मिनिटांत चपखल बसली.

शनिवारी हॉल भरला होता. ती उभी राहिली, हिंदीत बोलायला लागली, आणि मी घरातून पळून गेले होते म्हटल्याबरोबर सगळे गप्प झाले. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं. फलाटावर आपण कशा ढसाढसा रडलो, ते तिनं पदरचं घालून सांगितलं. तेवढ्यात दार उघडलं आणि चपला हातात घेऊन गंधाली आत आली, मागच्या सतरंजीवर बसली.

दोन वर्षांची प्रार्थना ऐकली गेली ती नेमकी या मिनिटाला. स्नेहलनं तिला पाहिलं. तिचं तोंड मात्र पाठ केलेलं बोलतच राहिलं, भैयांचा पेन वाजला, देवानं तिला घरी परत आणलं, टाळ्या झाल्या. गंधालीनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

चहाच्या वेळी ती कप घेऊन स्नेहलजवळ आली.

"चांगलं बोलली," ती म्हणाली. "फक्त मी फलाटावर रडली नव्हती. तू उगाच रडवलं मले."

स्नेहलची मान वर होईना.

"काहून केलं तू असं?"

याचं उत्तर द्यायच्या आत एक बारकी मुलगी मधे येऊन उभी राहिली. चित्रा, फर्स्ट इयर, राजनांदगावची, हॉस्टेलला राहणारी. मराठी सगळं समजायचं तिला, पण बोलायची हिंदीच. डोळे रडून लाल झाले होते.

"दीदी, मैं तीन महीने से घर नहीं गई," ती स्नेहलला म्हणाली. "पापा से झगड़ा करके आई हूँ. आप जब लौटीं, तो दरवाज़े पर सबसे पहले क्या बोलीं? बस उतना बता दीजिए."

आणखी एक वाक्य बनवणं काही अवघड नव्हतं. तीन मिनिटं बनवलीच होती, त्यात हे एक. पण ही पोरगी ते वाक्य पदरात बांधून राजनांदगावला जाणार होती, आणि बाजूला गंधाली नुसती बघत उभी होती. स्नेहलला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "ती गोष्ट माझी नाही चित्रा. माझ्या माणसाची होती. मी न विचारता घेतली आणि तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलली."

चित्राचा चेहरा पडला. "मतलब किसी को नहीं पता?"

गंधालीनं कप खाली ठेवला.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "माझीच आहे ती गोष्ट. आणि दारात मी काहीच बोलली नाही. घंटी वाजवायले हात उचलला नाही, अर्धा तास पायरीवर बसून राहिली. मग आईच कचरा टाकायले बाहेर आली. मले पाहून म्हणे, भाजी लागून राहिली, आत चाल. रागावणं, रडणं सगळं झालं नंतर. पहिले जेवण झालं. तू पायरीपर्यंत जा फक्त."

चित्रा नाक पुसून म्हणाली, "कल सुबह लोकल है. आप दोनों पायरी तक चलेंगी?"

"हव," दोघी एकदम म्हणाल्या.

चित्रा तोंड धुवायला गेली. स्नेहल सरळ सुशील भैयांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. भैयांचा हात कपाळाला गेला. साचा त्यांनीच शिकवला होता. त्यांनी तिला माइक दिला. स्नेहल उभी राहिली. मघाशी सांगितलेली गोष्ट माझी नव्हती, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि गंधालीचं नाव न घेता तिची माफी मागितली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. भैयांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

ती खाली आली तेव्हा गंधाली जिन्यात चपला घालत होती.

"रागावली?" स्नेहलनं विचारलं.

"मग काय तर. लय रागावली."

"तू आता कधीच नाही येणार ना इथं?" स्नेहलला हुंदका आवरेना. "मले माफ नको करू, पण बोलणं सोडू नको."

"माफ काहून नको करू?" गंधालीनं तिच्या खांद्याचा आधार घेत चपलेचा पट्टा ओढला. "दोन वर्षं झाले, तू मले रोज माफीचंच सांगून राहिली. मी काय ऐकत नव्हती?"