फुलदाणीतला कान

नटीने सेटवरच्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि तिचं नाक गादीवर आपटलं. दारामागे भिंत होती. आवाज घुमू नये म्हणून तिला गाद्या ठोकलेल्या.

“वहिनी, फुलदाणीपासून लांब जाऊ नका,” कानांवरचे डबे सावरत ध्वनिमुद्रक म्हणाला. त्याला सगळे कानसेनच म्हणत. “माइक तिच्यात लपवलाय.”

“जायला जागा तरी कुठाय?”

मूकपटाच्या वेळी शूटिंग उन्हात व्हायचं आणि हेच दार खऱ्या रस्त्याकडे उघडायचं. शेवटच्या दृश्यात घरची बायको किल्ल्यांचा जुडगा ठेवून, ओठांनी ‘जाते’ म्हणून चालू लागली, तेव्हा प्रेक्षकांतल्या बायका हबकल्याच होत्या. निघताना ‘येते’ म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढे ती रिळं गोदामाच्या आगीत गेली. आता त्याच गोष्टीचा बोलपट होत होता. दिग्दर्शक तोच, तिचा नवरा.

“या वेळी तू उंबऱ्यातूनच मागे फिरायचं,” तो म्हणाला. “‘कुठे जाणार मी?’ एवढंच वाक्य.”

“पहिल्यात ती गेली होती.”

“परत येणारच होती. ‘येते’ म्हणालीस तू.”

“‘जाते’ म्हणाले होते.”

“आवाज होता का त्याला? रिळं आण, बघू.”

सगळे हसले. घरीही असंच चालायचं. तिचं म्हणणं काय होतं, ते तोच सांगायचा.

दारं बंद झाली, पंखे थांबले. घामाचा ओघळ पाठीवरून उतरेपर्यंत ती उभी राहिली, मग वळली.

“कुठे जाणार मी?”

“लख्ख आलं,” कानसेन म्हणाला.

नवरा कॅमेऱ्याची घरघर कोंडणाऱ्या पेटीत डोकं घालून कुणाला तरी झापू लागला. तिने दृश्यातला जुडगा फुलदाणीशी ठेवला. मग कमरेचा काढला, घरचा. तोही तिथेच ठेवला. खण्ण. कानसेनने चमकून मान वर केली.

स्टुडिओच्या खऱ्या दाराशी पोचल्यावर ती वळली. नवरा आता तिच्याकडेच बघत होता. तिचे ओठ हलले.

दार मिटता मिटता आतलं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“काय म्हणाली रे? ‘येते’ ना?”

“माइकच्या टप्प्याबाहेर होत्या, साहेब,” कानसेन म्हणाला. “पण मूकपट मीही पाहिलाय.”