पिवळ्या मुठीची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनं, झिजलेलं, थकलेलं इंजिन आहे, असं मी तुम्हाला दोन महिन्यांपूर्वी अगदी ठामपणे सांगितलं असतं. आता मात्र स्वतःची ओळख करून देताना मी अडखळतो. मला बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. ओसरेपर्यंत थांबावं म्हटलं, तर सांगायचंच राहून जाईल. म्हणून आजच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं धड घडवलं, चार गोल विहिरी कोरल्या आणि त्यांत चार पिस्टन बसवले. खाली पोटात क्रँक बसवला. क्रँक म्हणजे एक जाडजूड, वाकडातिकडा दांडा. पिस्टन खालीवर होतात आणि हा दांडा गोल फिरतो, म्हणून चाकं फिरतात. या सगळ्यांमध्ये सतत तेलाचा पातळ थर लागतो. तो असेल तर लोखंडाला लोखंड लागत नाही. आम्हा इंजिनांचं सगळं सुख त्या थरात असतं.

मला एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसवलं आणि ती गाडी एका बाईंनी घेतली. बाई गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला होता. चौदा वर्षं मी त्या क्लासात नोकरी केली. मित्रांनो, शिकवणीच्या गाडीचं इंजिन होणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. दिवसातून चाळीस वेळा बंद पडायचं आणि चाळीस वेळा तोंडातून ब्र न काढता पुन्हा सुरू व्हायचं. पहिल्या गिअरमध्ये मला बोंबलायला लावणारे, क्लच सोडताना डोळे मिटून घेणारे, हॉर्न वाजवल्यावर स्वतःच दचकणारे, असे शेकडो विद्यार्थी मी सोसले. आणि खरं सांगतो, मला ते सगळे आवडायचे.

बाई कडक होत्या. पहिला धडा स्टिअरिंगचा नसे, बॉनेटचा असे. प्रत्येक विद्यार्थ्याने गाडीत बसण्याआधी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी ओढून काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची आणि तेल कुठल्या रेघेपर्यंत आलंय ते मोठ्याने सांगायचं. दिवसाला दहा विद्यार्थी, म्हणजे दिवसाला दहा वेळा माझी तपासणी. राजेरजवाड्यांची नाडीसुद्धा कुणी इतक्या वेळा बघितली नसेल. माझी कॉलर ताठ असायची.

चार वर्षांपूर्वी दातांच्या एक डॉक्टरीण बाई शिकायला आल्या. ओढून काढण्याचा त्यांचा हात जबरदस्त. पट्टी नळीत जरा अडकली होती, तर त्यांनी असा काही हिसका दिला की मूठ त्यांच्या हातात आली आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. बाईंनी गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री म्हणजे माझे वैद्य. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले, जमीन इतकी झाडलेली की वायसरची बारीक चकती पडली तरी सापडावी. बाईंचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास होता. माझाही होता. मिस्त्रींनी फळीवरच्या डब्यातून पिवळ्या मुठीची एक पट्टी काढली. बंद पडलेल्या एका मॉडेलच्या तशा तीन पट्ट्या त्यांनी कधीतरी घेऊन ठेवल्या होत्या. पट्टी नळीत चपखल बसली. बाईंना नवीन पट्टी मागवायचा खर्च वाचला, म्हणून सगळेच खूश झाले.

त्यानंतर एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली. दर वेळी तेल बदललं की डब्यात बरंच तेल उरायचं. मिस्त्री पट्टी बघून म्हणायचे, "ताई, तुमचं इंजिन फार गुणी आहे. कमी पितं." उरलेलं तेल बाई घरी नेत आणि दारांच्या बिजागऱ्यांना घालत. त्यांच्या घरातलं एकही दार चार वर्षांत कुरकुरलं नाही.

कुरकुरायला मी लागलो. आधी नुसता जडपणा आला. मग खालून ठक ठक आवाज यायला लागला. वळणावर तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा. पण शिकणाऱ्याची नजर भीतीने रस्त्यावर खिळलेली असे आणि बाई बाजूच्या सीटवर, तिथून त्यांना तो दिसत नसे. बॉनेटपाशी मात्र रोज दहा जण मोठ्याने सांगत, "तेल वरच्या रेघेपर्यंत आहे, बाई." मीही मान्य केलं. तीन लाख एकोणचाळीस हजार किलोमीटर झालेत, आपलं वय झालं, असं मी स्वतःला बजावलं.

एका सकाळी चढावर क्लच अर्धा सोडून गाडी धरून ठेवण्याचा धडा चालू होता. अचानक माझ्या पोटात काहीतरी आवळलं गेलं. ठक ठक थांबली, कारण सगळंच थांबलं. क्रँक जागच्या जागी चिकटला होता. बाईंनी विद्यार्थ्याला धीर दिला, त्याला रिक्षाने घरी पाठवलं आणि मग त्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचं घर त्या क्लासवर चालत होतं. गाडी नाही तर क्लास नाही, आणि क्लास नाही तर पुढे काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी साखळीने मला वर उचललं. मित्रांनो, चौदा वर्षांत पहिल्यांदा मी माझी गाडी बाहेरून पाहिली. समोर बॉनेटखाली मोठं काळं भोक होतं. तिथे मी राहत होतो, यावर माझा विश्वासच बसेना. माझ्याशिवाय ती गाडी इतकी पोकळ दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हबकून गेलो.

बाईंचे दीर तेव्हा हजर होते. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं बोलणं कधी अडलं नाही.

"वहिनी, याला उघडण्यात काही अर्थ नाही," ते म्हणाले. "भंगारवाल्याकडे याच जातीचं इंजिन पडलंय. कमी चाललेलं आहे. तेच टाका."

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. नवं इंजिन परवडणारं नव्हतंच. बाजूला ठेवलेल्या पैशांत एक तर मला दुरुस्त करता आलं असतं, नाहीतर जुनं दुसरं घेता आलं असतं. दोन्ही जमणार नव्हतं.

"वय झालंय याचं, ताई," मिस्त्री म्हणाले. "भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे."

मी कोपऱ्यात टायरवर पडून हे ऐकलं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. वयापुढे कुणाचं काय चालतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून ते इंजिन आलं आणि माझ्या शेजारी ठेवलं गेलं. तो अगदी माझ्यासारखाच होता, त्याच साच्यातून निघालेला माझा भाऊच म्हणा. फक्त एक लाख ऐंशी हजार किलोमीटर चाललेला, माझ्यापेक्षा कितीतरी तरुण. भंगारात आपटल्यामुळे त्याच्या धडाला एके ठिकाणी बारीक तडा गेला होता. मिस्त्री तो तडा निरखत वाकले, आणि वाकल्या वाकल्या थबकले. त्यांनी भावाच्या नळीतून पट्टी ओढून काढली. तिची मूठ पिवळी होती.

मिस्त्रींनी माझी पट्टी काढली. तीही पिवळी. दोन्ही पट्ट्या त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग ते बाहेर गेले, दुरुस्तीला आलेल्या याच जातीच्या एका गाडीची पट्टी काढून आणली आणि त्या दोघींच्या मध्ये ठेवली. खरी पट्टी दीड बोट आखूड होती.

मित्रांनो, त्या टेबलाकडे बघता बघता मला चार वर्षांचा हिशोब लागला. लांब पट्टी तळाशी जास्त खोल जाते. तेल कमी असलं तरी तिच्यावरची रेघ भिजते. चार वर्षं माझ्यात लिटरभर तेल कमी होतं, आणि रोज दहा जण ते पूर्ण आहे म्हणून सांगत होते. डब्यात उरायचं ते तेल माझं होतं. मी गुणी नव्हतो, मी उपाशी होतो.

मिस्त्री खाली बसले. जमिनीवर, तेलाच्या डागावर, तसेच बसले.  भाऊ कुठल्या गाडीतला, ते त्यांनी पिवळ्या मुठीवरून ओळखलं होतं. पाव पोहोचवणाऱ्या बेकरीवाल्याची ती गाडी. रोज भरपूर ओझं आणि लांबचे रस्ते, म्हणून तो माझ्याआधीच गेला. ठक ठक सुरू झाली तेव्हा तो बेकरीवाला इथेच आला होता, आणि याच मिस्त्रींनी त्याला सांगितलं होतं, "वय झालं, काढून टाका."

शेडमध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. खरं काय ते फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि आम्हा दोघांना. आम्हाला तोंड नाही. त्या पिवळ्या पट्ट्या भंगारात फेकल्या असत्या तर कुणाला कधी कळलं नसतं. मी त्यांच्या हाताकडे टक लावून पाहत राहिलो. चौदा वर्षं ज्या हातांवर विश्वास टाकला, ते आता काय करतील याची मला भीती वाटली. विश्वासाच्या माणसाची भीती वाटणं, मित्रांनो, हा धक्का आधीच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा मोठा होता.

सकाळी बाई दिरांना घेऊन आल्या. टेबलावर तिन्ही पट्ट्या तशाच होत्या.

"ताई, इंजिनाचं वय झालेलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "मी मारलं त्याला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

बाई टेबलापाशी गेल्या. त्यांनी तिन्ही पट्ट्या हातात घेतल्या, एकीला एक लावून पाहिल्या. 

"मी शेकडो लोकांना हे शिकवलं," त्या म्हणाल्या. "रोज बघा, म्हटलं. रोज बघितलं त्यांनी. मी शेजारी उभी होते. आवाज येत होता, मिस्त्री. मला ऐकू येत होता. पण पट्टी ठीक म्हणते ना, म्हणून मी गप्प बसले."

"तुम्ही गाडी दुसरीकडे न्या. खर्च मी देतो," मिस्त्री म्हणाले.

"दुसरीकडे नेऊन काय करू? चूक कुठे झाली ते फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच उघडा."

दीर मध्येच काहीतरी बोलणार होते. बाईंनी नुसतं पाहिलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मग मिस्त्रींनी आम्हा दोघांना उघडलं. माझ्या विहिरी शाबूत होत्या, पण माझा क्रँक खोल ओरखडे पडून कामातून गेला होता. भावाच्या धडाला तडा होता, पण त्याला वेळेवर थांबवलं गेल्यामुळे त्याचा क्रँक सुधारण्याजोगा होता. मिस्त्रींनी तो लेथवर नेला, जरासा घासून गुळगुळीत केला, त्याच्या मापाची नवी बेअरिंग स्वतःच्या पैशांनी आणली. माझ्या पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. आठ दिवस त्यांनी दुसरं काम हातात धरलं नाही, आणि मजुरीचा विषय निघाला तेव्हा हात जोडले. मधल्या एका दुपारी ते बेकरीवाल्याकडेही जाऊन आले. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

नवव्या दिवशी बाईंनी किल्ली फिरवली. मी खोकलो, थांबलो, पुन्हा खोकलो आणि सुरू झालो. आज माझ्या पोटात माझ्या भावाचा दांडा फिरतो. तो माझ्या निम्म्या वयाचा होता. म्हातारा झालो या समजुतीने तो भंगारात गेला. तू म्हातारा नव्हतास रे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मी रोज पहिल्या फेरीत ते त्याच्या दांड्याला सांगतो.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती, तर मी एवढ्या घाईने बोलायला बसलो नसतो. पिवळ्या मुठीच्या पट्ट्या तीन होत्या. तिसरी मिस्त्रींनी एका वाटसरूला दिली होती. त्याची याच जातीची पांढरी गाडी त्यांच्या दारात अडली होती, त्याने चहा घेतला, आभार मानले आणि तो निघून गेला. त्याचं नाव नाही, पत्ता नाही. मिस्त्रींनी खूप शोधलं. बाईंनी आपल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. अजून पत्ता लागलेला नाही.

म्हणजे माझ्यासारखंच एक इंजिन या क्षणी कुठेतरी उपाशी धावतंय. त्याच्यावर प्रेम करणारं कुणीतरी रोज पट्टी बघतंय आणि समाधानाने बॉनेट लावतंय. त्याला वाटतंय, आपलं वय झालं. तुमच्या घरी, शेजारी, शाळेच्या फाटकापाशी एखादी जुनी पांढरी गाडी उभी असेल, तर तिच्या मालकाला बॉनेट उघडायला सांगा. मूठ पिवळी दिसली तर गाडी सुरू करू देऊ नका. आणि मूठ पिवळी नसली, तरी पट्टी काहीही म्हणो, क्षणभर थांबून आतून काय आवाज येतो तो ऐका.