धरलं तेव्हा धरलं

मी तुमच्या डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू आहे. ऐकून नाक मुरडू नका. आमच्यातही तुमच्यासारखेच भले-बुरे असतात.

माझा जन्म कारखान्यातल्या पोलादी पिंपातला. तिथून आम्हा कोट्यवधी भावंडांना गोठवून, वाळवून, भुकटी करून पुड्यांत भरलं. मेलो नव्हतो, गाढ झोपलो होतो.

आमचा डबा एका बसचालकाच्या घरी आला. दाढेसाठी घेतलेल्या जहाल गोळ्यांनी दाढ बरी झाली, पण पोटातल्या चांगल्या जिवाणूंची वाताहत झाली. आठवडाभर चालकांची एकच फेरी चालू होती: पलंग ते संडास. आगारातून निरोप आला होता, सोमवारी आला नाहीत तर तुमचा मार्ग दुसऱ्याला देऊ. बावीस वर्षं सांभाळलेला मार्ग!

पहिली पुडी त्यांनी वाफाळत्या चहात ढवळली. त्यातली माझी भावंडं जागी होण्याआधीच पोळून संपली.

"अहो, हे काय केलंत?" बायको ओरडली. "जिवंत असतात ते! गार पाण्यातून घ्या म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"जिवंत? मग तर मुळीच नको!"

"सोमवारी गाडी चालवायचीय ना? प्या मुकाट्यानं."

या दुसऱ्या पुडीत मी होतो. पाणी लागलं नि जाग आली. पोटातल्या आम्लात आमच्यातले निम्मे गारद झाले. पुढे आतड्यात तर पूरच! भिंतीवरच्या बुळबुळीत थराला मी धडकलो, निसटलो, पुन्हा धडकलो. माझ्या अंगावर केसाहून बारीक तंतू आहेत. त्यातला एक अडकला, मग दुसरा. पकड अजून कच्ची होती. मागून लोंढा येत होता. म्हटलं, तुटलो तरी बेहत्तर, सुटणार नाही! सगळे तंतू थरात रुतवले आणि ठाण मांडलं.

लोंढा गेला. मी तिथेच होतो.

मग माझे दोन झाले, दोनाचे चार. वाईट जंतू आले तेव्हा आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. जागाच दिली नाही.

सोमवारी सकाळी चालक गणवेश चढवून दारात उभे राहिले.

"पोट काय म्हणतंय?" बायकोनं विचारलं.

"गप्प आहे. घरात तेवढंच एक गप्प आहे."

ती हसली. आठ दिवसांनी हसली.

आता मी धरलेला थर जुना झालाय. खालून नवा येतोय, जुना सुटतोय आणि त्याच्याबरोबर मीही. आम्ही इथे कायमचे राहायला येतच नाही. बाहेर इंजिनाची घरघर चाललीय, दुपार झाली तरी त्यांना मध्येच गाडी थांबवावी लागलेली नाही. माझ्यासाठी हळहळू नका. एकेक तंतू मीच सोडवतोय. हा शेवटचा.