बारमाहीच्या बायकोचा महिना

"ऑगस्ट? मग ग्लॅडिओलस! दुसरं काही हातातसुद्धा धरू नका," बादलीतून तांबडी दांडी उपसत बारमाही म्हणाला. "ऑगस्टची माणसं म्हणजे तलवार! साहेबांना द्या, बढती मागावीच लागणार नाही."

"साहेब नाहीत, सासूबाई आहेत," गिऱ्हाईक मुलगी म्हणाली. "पहिल्यांदाच राहायला येतायत."

"मग तर दोन न्या! एक त्यांना, एक तुमच्या हातात."

ग्लॅडिओलस आदल्या दिवशी हॉटेलवाल्याने परत पाठवले नसते, तर ऑगस्टचं फूल जरबेरा ठरलं असतं. जी बादली जड, ते त्या दिवशीचं जन्मफूल, हा बारमाहीचा धंदा. प्रत्येक महिन्याचं फूल आणि प्रत्येक फुलाचा अर्थ त्याच्या जिभेवर तयार, म्हणून तर हे नाव पडलेलं. एका बँक मॅनेजरला त्याने जुलैचं फूल असं काही ऐकवलं, की त्या गृहस्थाने आपला मार्चमधला वाढदिवस उचलून जुलैत नेला, आणि चार महिन्यांनी तरुण झाल्याच्या आनंदात आणखी एक गुच्छ घेतला. तो गुच्छ मी पाहिलेला नाही, पण पाहिलेला माणूस पाहिलाय.

दुकानात मागे, टबाशी, बारमाहीची बायको बसायची. काटे काढायचे, खालची पानं ओरबाडायची, देठ पाण्यात बुडवून तिरका कापायचा. बोटं कायमची हिरवी. बोलायचं काम पुढच्या माणसाचं.

आज स्टुलावर तिची थोरली बहीणही होती. बऱ्याच वर्षांनी आलेली, आणि दोघींनी मिळून फोटो काढायचाच, या हट्टाने तयार होऊन बसलेली. बारमाहीची टकळी ऐकून ती पोट धरून हसत होती.

"भावोजी, तुमच्या जिभेला हाड नाही तेच बरं. असतं तर एव्हाना झिजलं असतं. आता आमच्या धाकटीचं सांगा. तिचं फूल कुठलं?"

"तिचं? जानेवारी. कार्नेशन." बारमाही जराही अडखळला नाही. "अर्थ, धरला हात न सोडणारी. बघा, सुटलोय का मी?"

"जानेवारी? काहीतरीच काय! ही मेची. म्हणजे याच आठवड्यातली की! माझा चौथीचा निकाल लागला, त्या दिवशी झाली. मी वर्गात पहिली आलेली, पण कुणी विचारील तर शपथ! सगळे हिचं नाक कुणासारखं त्यात दंग. विसरेन होय मी? अजून राग आहे माझा."

गिऱ्हाईक मुलगी हसली. बारमाहीही हसला, जरा जास्तच मोठ्याने. मग मागे वळून म्हणाला, "अगं, पण तुला तरी कुठे ठाऊक होतं?"

"तारीख नव्हती ठाऊक. उन्हाळ्यातली आहे, एवढं ठाऊक होतं." कात्री चालूच होती. "रेशनकार्ड काढताना कचेरीतल्या माणसाने जन्मतारीख विचारली, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगून मोकळे. दोन जानेवारी. परक्यापुढे तुम्हाला कशाला खोटं पाडायचं? म्हटलं, असू दे."

"पण दोन जानेवारीच का?" ताईंनी विचारलं.

बारमाहीने बादल्या नीट लावायला घेतल्या. त्या नीटच होत्या.

"एक तारखेला सगळे गुच्छ नेतात ना, ताई," बायको म्हणाली. "दोनला माल उरतो."

आवाजात तक्रार नव्हती. पावाचा भाव सांगावा, तसं तिने सांगितलं.

बारमाहीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दर दोन जानेवारीला तो वर्तमानपत्रात गुंडाळून काही ना काही घरी न्यायचा. एका वर्षी माना टाकलेले ॲस्टर, अर्थ संयम. एका वर्षी कडा काळवंडलेला निशिगंध, अर्थ खोल माया. आणि न्यायचा कुणासाठी? नुसत्या पाण्याच्या वासावरून फूल किती शिळं आहे ते ओळखणाऱ्या बाईसाठी. ती देठ पुन्हा कापायची, पेल्यात ठेवायची. त्याने अर्थ सांगितला की म्हणायची, "हो का?" इतकी वर्षं त्याला वाटत होतं, बायको थक्क होऊन विचारते.

"काका, मग मी हे दोन घेऊ ना?" मुलीने ग्लॅडिओलस पुढे केले.

बारमाहीने तोंड उघडलं. सवयीने काहीतरी ओठांवर आलंही.

"ठेवा ते," तो म्हणाला. "शिळे आहेत. शेवंती आज सकाळची आहे, ती न्या."

"शेवंतीचा अर्थ काय?"

"शेवंती."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, मग शेवंती घेऊन गेली. बारमाही पुढच्या बादलीकडे वळला. तिथे हॉटेलच्या ऑर्डरची पांढरी लिली होती, दुकानातला सगळ्यात महाग माल. त्याने पूर्ण उमललेली, ताटलीएवढी एक उचलली.

"मेचं फूल लिली," तो बायकोला म्हणाला. "लिलीचा अर्थ—"

"अर्थ राहू द्या," ती म्हणाली.

तिने हात पुसले आणि पुढे आली. या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी, तिला उभी राहिलेली बारमाहीने कधी पाहिलीच नव्हती. तिने त्याच्या हातातली लिली घेऊन परत बादलीत ठेवली. घाऊक बाजारात बघतात तशी एकेक दांडी फिरवून पाहिली, आणि एक घट्ट मिटलेली, हिरवट कळी निवडली.

"ही रविवारपर्यंत टिकेल. हॉटेलवाल्याला एक कमी पडेल पण."

"पडू दे."

तिने स्वतःच देठ तिरका कापला. "चल ताई. फोटोवाला जेवायला जाईल."

शुभेच्छा द्यायला हव्या होत्या. शब्द तोंडात होता, पण सकाळपासून तोच शब्द त्याने गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाला गुच्छावर फुकट दिला होता. तो तसाच गिळून बारमाही दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

दोघी रस्त्याने निघाल्या. ताईंची बडबड चालू होती. बायकोने कळी देठ वर आणि तोंड खाली अशी धरली होती, दुकानातली माणसं माल नेतात तशी, कडेला, अंगापासून लांब. कोपऱ्यापर्यंत ती तशीच गेली. तिथे थांबली, हाताकडे पाहिलं, आणि कळी सरळ करून छातीशी धरली.