अर्ध्या गोलातली वाळू

मित्रांनो, मी गोलाचा अर्धा भाग आहे. जुना, पत्र्याचा, आतून पोकळ. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात राहतो. एका कारागिराने मला साच्यावर ठोकून घडवले आणि माझ्या मापाचा एक शंकूही केला. त्याचे तोंड माझ्या तोंडाएवढे, उंची माझ्या खोलीएवढी. हा शंकू दोनदा भरून माझ्यात ओतला की मी काठोकाठ भरतो. गोलाचे घनफळ मुलांना असे डोळ्यांनी दिसते.

गणिताच्या बाई पूर्वी हे पाण्याने दाखवत. त्यांची लेक याच शाळेत होती. शाळा सुटली की ती प्रयोगशाळेत येई, मला टोपीसारखे डोक्यावर घाली आणि बोटांनी टकटक वाजवी. बाई म्हणत, "ठेव गं ते, पोचा पडेल." एका सुट्टीत ती गावाबाहेरच्या तलावात बुडाली.

त्यानंतर बाई पाण्याऐवजी वाळू वापरू लागल्या. कारण कोणी विचारले नाही. बंद कपाटात मला ती टकटक ऐकू येई. बाईंनाही येत असावी. किल्ली फिरवण्याआधी त्या दाराला कान लावून थांबत.

यंदाच्या वर्गात दोन शंकू वाळू माझ्यात पडली. सपाट करायला बाईंनी मला थोपटले, तशी ती दबली आणि वर पेरभर जागा उरली.

"बाई, कमी पडली!"

"भांडं गळकं असेल," मागून एकजण म्हणाला.

"गळकं तुझं डोकं," शेजारीण म्हणाली. वर्ग हसला.

"वाळू दबते रे. दोन भरले असं धरून चला," बाई म्हणाल्या.

पुढच्या बाकावरच्या मुलीने मान वर केली. "म्हणजे सूत्रसुद्धा धरूनच चालायचं का, बाई? खरं नसतं ते?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी मला रिकामे केले, फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "बादलीभर पाणी आणा."

पहिला शंकू ओतताना थोडे पाणी टेबलावर सांडले. "हे मोजायचं नाही. पुन्हा." त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या शंकूला पाणी माझ्या काठाशी येऊन थांबले.

"बरोब्बर, बाई!"

"सूत्र खरं असतं," बाई त्या मुलीला म्हणाल्या. "धरून चालले होते ती मी."

मित्रांनो, आम्हांला पाण्यानेच भरा, आणि काम झाले की कोरडे पुसून ठेवा. ओल राहिली की पत्रा आतून गंजतो.

त्या दिवशी मात्र मला कोणी पुसले नाही. वर्ग गेला. बाई माझ्याजवळ बसून राहिल्या. मग त्यांनी पाण्यात बोट बुडवले आणि रिकाम्या खोलीत हळूच म्हणाल्या, "किती गार आहे गं."

बोट जेवढे बुडाले, तेवढेच पाणी माझ्या काठावरून ओघळले.