पुढच्या खळगीतलं पिल्लू

सिरिलची नजर चहूबाजूंनी आक्रसत चालली होती. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आणि तेही उन्हाळ्यापर्यंतच टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बेचाळीस वर्षं इंग्लंडात नॉरफोकची शेतं कसलेला हा म्हातारा आता खिडकीत बसून बहिणीच्या मागे लागला होता.

"मेव्हिस, मार्च संपत आला. सशांच्या मारामारीचा एक फोटो, बास. दोन नर एका बाईसाठी कसे भिडतात ते एकदा नीट बघू दे."

"अरे, नर कसले? ती मादीच नको त्या नराला थोबाडते. जन्म शेतात गेला तुझा, एवढं कळलं नाही?"

"तुझ्या नवऱ्यावरून शिकलीस वाटतं!"

मेव्हिस हसली खरी, पण दिवस थोडे उरले होते. गहू वाढला की ससे दिसायचे नाहीत आणि पुढच्या वसंतात सिरिललाच काही दिसायचं नाही. फोटो काय तो आत्ताच मिळायला हवा होता.

म्हणून ती पहाटेपासून खालच्या शेताच्या कुंपणाला पाठ लावून, मांडी घालून बसली होती. सशाला दोन्ही बाजूंचं सगळं दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. माणूस हलला नाही तर ससा थेट त्याच्या अंगावर येतो. थर्मासमधला चहा संपला, पाय बधिर झाले, पण बाई हलली नाही. हट्टीपणात दोघं भावंडं एकाच माळेचे मणी.

नऊच्या सुमारास, आता ही शेतं बघणारा डेरेक ट्रॅक्टरमागे लोखंडी रोलर जोडून कोवळ्या गव्हाची माती दाबायला आला. मेव्हिसला त्याची काळजी नव्हती. ससे ट्रॅक्टरला भीत नाहीत, उभ्या माणसाला भितात. आणि तेवढ्यात एक मादी, मागे तीन नर, असे धावत तिच्यासमोर वीस पावलांवर आले. मादी थांबली, वळली आणि मागच्या पायांवर उभी राहिली.

मेव्हिसने कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, मादीच्या अलीकडे, काहीतरी तपकिरी होतं. ढेकूळ असेल म्हणून तिने भिंग फिरवलं, तर त्या ढेकळाला डोळा होता. मूठभर पिल्लू, कान पाठीला चिकटवून खळगीत बसलेलं. कितीही मोठं संकट आलं तरी ते हलणार नव्हतं. त्याला तेवढंच येतं.

तिने त्याचा एक फोटो काढला. मग मान वळवून पाहिलं. रोलर याच पट्ट्यात वळला होता. समोर मादीने पहिली थप्पड हाणली, नराचे केस उडाले. आणखी दहा सेकंद मिळाले असते तर काम झालं असतं!

मेव्हिस उठून उभी राहिली, दोन्ही हात हलवत ओरडली, "डेरेक! थांब रे!"

ससे क्षणात पांगले. डेरेकने खाली उतरून, माणसाचा वास लागू नये म्हणून दोन्ही हातांत गवत घेतलं आणि पिल्लू अलगद कुंपणाखाली ठेवलं.

"फोटो गेला ना हो बाई तुमचा?" तो ओशाळून म्हणाला.

संध्याकाळी सिरिलने फोटो नाकासमोर धरला. "हे काय? मारामारी कुठाय?"

तिने सगळं सांगितलं. रडवेली होऊन म्हणाली, "माझ्याच्यानं बसवलं नाही रे."

सिरिल कितीतरी वेळ त्या एका डोळ्याकडे बघत राहिला.

"बेचाळीस वर्षं रोलर फिरवला मी," तो म्हणाला. "एकदाही खाली उतरून रोलरपुढे बघत चाललो नाही."

मेव्हिस फोटो परत घ्यायला गेली, पण त्याने तो सोडला नाही. भावाचा चेहरा तिला बघवेना.

"वरच्या शेतात रोलर उद्या आहे ना? डेरेकला फोन लाव. म्हणावं, हळू ये, मी पुढे चालतोय."

"तू? अरे, तुला दिसतंय काय?"

"समोरचं तेवढं दिसतं," सिरिल काठी चाचपत म्हणाला. "तेवढंच तर बघायचंय."